पडल्यावर लगेच रडली का?

माणूस खोटं बोलायला लागला की आधी बरोबर वेळ सांगतो, हे मी नोकरीत शिकलो. "साहेब, बराबर सव्वाचार वाजले व्हते," असं कुणी म्हणालं की मी पेन खाली ठेवतो. उन्हात कापूस वेचणाऱ्या माणसाला सव्वाचार वाजल्याचं कुठून कळणार? मी तलाठी आहे. गारपीट झाली, वीज पडून बैल गेला, बांध कोरला म्हणून दोन भाऊ हातघाईवर आले, की पंचनामा लिहायला मी. चौदा वर्षांत इतक्या लोकांचे जबाब लिहिले की समोरचा तोंड उघडायच्या आधीच तो काय लपवणार आहे ते मला कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. गेल्या साली मार्चमधल्या एका दुपारपर्यंत ती टिकली.

आम्ही औंढ्याला राहतो, देवळाच्या मागच्या अंगाला. घरात चौघं. मी, माझी बायको, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली मुलगी आणि माझे वडील. वडिलांनी जन्मभर देवळात बेल पुरवला, अजूनही पुरवतात. पहाटे बेल तोडून आणायचा आणि दुपारपर्यंत घरासमोरच्या ओट्यावर पाटी घेऊन निवडत बसायचं. तीन पानं अखंड पाहिजेत, किडीनं छिद्र पाडलेलं असलं तर बाजूला. नजर अजून अशी की चाळिशी लावून मला सातबारा वाचता येत नाही आणि ते बिनचष्म्याचे पानातलं सुईएवढं छिद्र धरतात. नात त्यांच्याजवळच बसायची. बाजूला टाकलेली पानं तिची. बायको वसमतच्या रस्त्यावरच्या एका शाळेत शिक्षिका आहे, ती सकाळी जाते ते चारला येते. मी सकाळी जातो ते कधी येतो याचा भरवसा नाही. म्हणजे आमची मुलगी सांभाळली ती वडिलांनीच.

त्या दिवशी दहावीचा पेपर होता आणि बायकोची पर्यवेक्षणाची ड्यूटी होती. तहसीलला सर्व्हर बंद पडला म्हणून मी अकरालाच घरी परत आलो होतो. बायको सकाळी निघताना सहज म्हणाली होती, "सर्व्हर बंद पडला तर लवकर या. बाबांची कंबर धरलीय, तिच्या मागं पळवत नाही त्यांना." सर्व्हर बंद पडला आणि मी लवकर आलोही. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही.

घरी येऊन हातपाय धुतले, मुलीचा गालगुच्चा घेतला, तेवढ्यात फोन वाजला. माझा सजा, म्हणजे माझ्याकडची गावं, हट्ट्याच्या बाजूला. तिकडच्या गावचा एक म्हातारा होता, वारसाची नोंद लावायची म्हणून दोन महिने माझ्या मागे लागलेला. मी आतल्या खोलीत जाऊन कूलरखाली बसलो आणि बोलायला लागलो. बोलायला लागलो की मी मोठ्यानं बोलतो, ती आमच्या खात्याची सवय आहे. बाहेरून वडील शेळ्यांवर ओरडल्याचा आवाज आला. शेजारच्या शेळ्या रोज बेलाच्या पाटीत तोंड घालायला येतात आणि वडील रोज ओरडतात, त्यात नवीन काही नव्हतं. मग काहीतरी धप्पकन पडल्यासारखं वाटलं. मला वाटलं, पाटी पडली. वडील अजून ओरडतच होते. मी फोनवर बोलत राहिलो. बोलणं संपवून खोलीतून बाहेर आलो तेव्हा मुलगी वडिलांच्या खांद्यावर हुंदके देत होती आणि वडील एका हातानं तिच्या डोक्यावर हळद थापत होते.

"काय झालं?"

"काही न्हाई. वट्ट्यावरून घसरली जराशी." मग तिला म्हणाले, "मुंगी मेली का माय? मुंगी मेली बघ!"

ओट्याखाली शहाबादी फरशीची पायरी आहे. बेलाची पानं पायरीभर सांडलेली होती. आमच्याकडे लेकरू पडलं की पहिल्यांदा मुंगी मारतात, म्हणजे लेकरू आपलं दुखणं विसरून मेलेली मुंगी शोधायला लागतं. मग हळद. मग "काही न्हाई झालं" असं सगळ्यांनी मिळून म्हणायचं. मीसुद्धा म्हणालो. पण तिनं मुंगी शोधली नाही. मान वडिलांच्या खांद्यावर टाकली आणि पडून राहिली. मी तिला उचललं, वडिलांना मोटरसायकलवर मागे बसवून मुलगी त्यांच्या मांडीवर दिली आणि बसस्थानकापलीकडच्या लहान मुलांच्या डॉक्टरकडे नेली.

डॉक्टर बाई चाळिशीच्या आतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी ओल्या कापसानं हळद पुसायला घेतली. हळद वाळून घट्ट बसली होती, ती निघता निघेना. "हे काढल्याशिवाय मला खाली काय आहे ते कसं दिसणार?" असं त्या पुटपुटल्या. वडील भिंतीकडे बघायला लागले. हळद निघाली तशी उजव्या कानाच्या वर सूज दिसली. बाईंनी दोन बोटांनी ती चाचपली आणि त्यांचा चेहरा जरासा बदलला.

"कपाळाला टेंगूळ असतं तर औषध लिहून घरी पाठवलं असतं," त्या म्हणाल्या. "हे बाजूला आहे आणि मऊ लागतंय. नीट आठवून सांगा. पडल्यावर लगेच रडली का?"

मी वडिलांकडे बघितलं. वडील ताठ झाले. मला त्यांच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान दिसला.

"रडली न्हाई. आमची माय लई धीराची हाय. एवढी पडली पर हूं न्हाई की चूं न्हाई."

हे आमच्या घरात कौतुक आहे. मी लहानपणी चिंचेवरून पडून हात मोडला आणि रडलो नाही, ही गोष्ट वडील आजही पाव्हण्यांना सांगतात. जे लेकरू रडत नाही ते चांगलं. बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. मी जसं ठेवतो तसंच.

"रडली नाही म्हणजे? किती वेळ? डोळे उघडे होते का? हाक मारली तर बघत होती का?"

तेव्हा वडिलांच्या लक्षात आलं की आपण कौतुक म्हणून जे सांगितलं ते कौतुक नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जबाब फिरवला. "म्हंजी रडली. रडली की. लगीच रडली."

"आत्ता तुम्ही रडली नाही म्हणालात."

"मोठ्यानं न्हाई रडली, असं म्हनलो म्या."

"घरात आणखी कोण होतं त्या वेळी?"

"कोनी न्हाई," वडील घाईनं म्हणाले. "भाऊ आत कामात व्हता." भाऊ म्हणजे मी. घरात मला सगळे भाऊच म्हणतात, वडीलसुद्धा.

बाई माझ्याकडे वळल्या. मी काय सांगणार? बाहेर आलो तेव्हा रडत होती, एवढं सांगितलं. त्याआधी किती वेळ रडत होती, माहीत नाही. पडली ते पाहिलं का? नाही. मग त्यांनी सगळ्यात साधा प्रश्न विचारला, आणि मला अजून कधी कधी जेवताना तो आठवतो आणि घास तसाच हातात राहतो. "आत्ता ही तुमच्याजवळ जशी आहे, तशी नेहमी असते का? की आज वेगळी वाटते?"

ती माझ्या खांद्यावर होती. डोळे अर्धवट मिटलेले, एक हात माझ्या शर्टाच्या खिशात. दुपारी बारा वाजता माझी मुलगी कशी असते, हे मला माहीत नव्हतं. कारण दुपारी बारा वाजता मी तिला फक्त रविवारी बघतो, आणि रविवारीसुद्धा फोन असतोच. ती या वेळेला झोपते का? खेळते का? अनोळखी माणूस दिसला की लाजून मान घालते, की तिला काही झालंय म्हणून मान घालतेय? कुठल्या गटाचं क्षेत्र किती गुंठे हे मला तोंडपाठ असतं. हे नव्हतं.

"रोज झोपते ह्या टायमाला," वडील म्हणाले. "बराबर झोपते."

ते खरंही असेल. पण ज्या साक्षीदारानं एकदा जबाब फिरवला त्याचं पुढचं काही मी धरत नाही, आणि आज तोच एक साक्षीदार होता. खरं सांगू शकणारी एकच, माझी बायको, वर्गात पोरांवर नजर ठेवत उभी होती आणि तिचा फोन केंद्रावरच्या पेटीत बंद होता. तरी मी फोन लावला. मग शाळेच्या कार्यालयात लावला, तो कुणी उचलला नाही. परीक्षा चालू असताना कोण उचलणार?

"सिटी स्कॅन करून टाकू ना सरळ," मी म्हणालो. "म्हणजे सगळं कळेल."

बाईंना हे रोज ऐकावं लागत असणार. त्यांनी न चिडता सांगितलं. "त्यात किरण फार असतात. एवढ्या लहान डोक्यावर गरज नसताना ते नकोत. शिवाय ही हलणार, म्हणजे झोपेचं औषध द्यावं लागेल, भूल देणारे डॉक्टर जवळ लागतील. ते सगळं नांदेडला. जायला दीड तास. म्हणून पडलेल्या प्रत्येक लेकराला मी पाठवत नाही. पण ज्याला पाठवायला पाहिजे तेच राहून गेलं तर..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. "वीस महिन्यांच्या लेकराला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. ते मला तुमच्याकडूनच कळणार. नुसती ही सूज असेल तर मी इथं ठेवून चार-पाच तास बघेन. पण पडल्यावर पाच सेकंद जरी ती भानावर नसेल, तर मी आत्ता पाठवेन. मला एवढंच कळायला हवंय. पाच सेकंद."

पाच सेकंदांवर गाडी अडली होती. तेव्हाच मला आठवलं की माझ्या फोनमध्ये प्रत्येक बोलणं आपोआप रेकॉर्ड होतं. 'तलाठ्यानं असं सांगितलं, तलाठ्यानं तसं मागितलं' अशा तक्रारी होतात, म्हणून चार वर्षांपूर्वी मीच ते चालू करून ठेवलंय. मुलगी पडली तेव्हा मी फोनवर बोलत होतो. म्हणजे ती पडल्याचा आवाज त्यात असणार. रडण्याचाही असणार. मधले सेकंद मोजता येतील. मला इतका आनंद झाला की मुलगी वडिलांच्या मांडीवर देऊन मी जवळजवळ पळतच दवाखान्याच्या पायरीवर गेलो. जबाब फिरतो, पण रेकॉर्ड फिरत नाही!

समोरून भोंगा लावलेली भाजीची गाडी चालली होती. मी एका कानात बोट घातलं आणि दुसऱ्या कानाला फोन दाबून धरला. म्हाताऱ्यानं विचारलं, "साहेब, उद्या हाव का हापिसात?" एवढंच. त्यावर "आहे" म्हणालो असतो तर संपत होतं. पण मी त्याला वारसाची नोंद म्हणजे काय, अर्ज कुणाकडे, नोटीस किती दिवसांची, हरकत आली तर काय, हे पहिल्यापासून सुनवायला लागलो होतो. मधेच मागे धप्प. हां, हेच. आणि त्या धप्पनंतर ऐकू यायला लागलो तो मीच. "ऐका ना आधी. तुमचं काय होतं, तुम्ही ऐकतच नाही..." वाक्यामागून वाक्य. मागे अगदी बारीक वडिलांचा शेळ्यांवर ओरडतानाचा आवाज, आणि त्याच्यावर मी. दम घ्यायलासुद्धा थांबलेलो नाही. शेवटी थांबलो तेव्हा मागे मुलगी रडत होती. कधीपासून, देव जाणे.

मी ते चार वेळा ऐकलं. ज्या सेकंदांत माझ्या मुलीचं काय झालं ते कळलं असतं, ते सगळे मी बोलून भरून टाकले होते. फोन फरशीवर आपटावासा वाटला. आत आलो.

"कळलं का काही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"ठीक आहे. मग बघत बसू."

बघत बसणं म्हणजे काय ते ज्यानं केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. लोखंडी कॉटवर मुलगी झोपली होती. नर्स थोड्या थोड्या वेळानं यायची, तिला उठवायची, डोळ्यांत बॅटरी मारायची. मुलगी उठायची, चिडून रडायची, पुन्हा झोपायची. रडली की मला बरं वाटायचं. झोपली की मी कॉटवर वाकायचो. तिची छाती वरखाली होते की नाही ते मी मोजत होतो. मोजून मला काय कळणार होतं? पण दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून मोजत होतो. एकदा तिनं जांभई दिली आणि मी धावत बाईंना बोलवायला गेलो. त्या आल्या, बघितलं आणि परत गेल्या. मी भिंतीवरच्या नागनाथाच्या कॅलेंडरकडे बघून पुटपुटलो, ते काय पुटपुटलो ते इथं लिहीत नाही, लाज वाटते.

वडील बाहेरच्या बाकावर होते. ते आत येऊन मुलीजवळ बसत नव्हते, याचा मला राग येत होता. सुनेला काय तोंड दाखवायचं याच्या विचारात असतील, असं मला वाटलं. आपल्या हातून लेकरू पडलं हे कबूल करायला माणूस किती घाबरतो, ते मी पोटासाठी रोज बघतो.

अर्धा-पाऊण तास झाला असेल. वडील उठून थेट बाईंच्या खोलीत गेले. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"डॉक्टरीणबाई, म्या मगा खोटं बोललो."

"बोला बाबा."

"शेळी आली म्हून म्या उठलो. पाठ फिरली अन् ही पडली. वळून पाहतो त तशीच पडलेली. डोळे उघडे व्हते, पर पाहत नव्हती कोनाकडंच. बाहुली पडावी तशी. रडली न्हाई का हलली न्हाई. म्या हाका मारू मारू थकलो. पाच-सात हाका मारल्या असतील, तवा कुठं तिनं तोंड उघडलं अन् रडाया लागली."

"पाच-सात?"

"जास्तच असतील. कमी न्हाई."

बाईंनी पुढचं काही विचारलं नाही. फोन उचलला, नांदेडला बोलल्या, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, चिठ्ठी लिहिली. माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "आता थांबायचं नाही. रस्त्यात उलटी झाली, झटका आला, तर सोबतच्या सिस्टरना काय करायचं ते माहीत आहे. तुम्ही मधे पडू नका."

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी वडिलांवर तुटून पडलो. सिस्टर समोर बसलेली, मुलगी मधे झोपलेली, आणि मी माझ्या बापाला विचारत होतो, "आधी काहून सांगितलं न्हाई? एवढा वेळ घालवला! सुनेच्या भेवानं? लेकरू मोठं का तुमची इज्जत मोठी?" शेवटचं वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच जास्त झालं होतं. पण मी परत घेतलं नाही. वडिलांनी उपरण्यानं चेहरा पुसला. नखांत अजून हळद होती.

वसमतच्या अलीकडे बायकोची शाळा रस्त्यालाच आहे. फाटकाबाहेर पालकांच्या मोटरसायकली, झाडाखाली पोलीस. पेपर सुटायला थोडाच वेळ होता. आत कुठल्या तरी वर्गात ती उभी होती, आणि तिच्या भिंतीपासून शंभर पावलांवरून तिची मुलगी चालली होती. थांबायचं नाही असं सांगितलं होतं. ड्रायव्हरनं वेगही कमी केला नाही. वडील म्हणाले, "सूनबाई हितंच हाय ना?" मी "हो" म्हणालो. मागच्या काचेतून ते फाटक दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघं तिकडे बघत राहिलो.

तिचा फोन आला तेव्हा आम्ही नांदेडला पोचून स्कॅनसाठी नंबर लावून बसलो होतो. मी सांगितलं, ओट्यावरून पडली, डोक्याला लागलंय, स्कॅन करतायत. ती रडेल, ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "लगेच रडली का?"

"बाबा म्हणतात, नाही."

"तुम्ही कुठं होता?"

"आत. फोनवर."

"निघते," म्हणून फोन ठेवला.

स्कॅनच्या खोलीत मला जड कोट घालून उभं केलं. औषध दिल्यावर मुलगी माझ्या डोळ्यांसमोर लुळी पडली. तिचं डोकं दोन उशांमध्ये पट्ट्यांनी बांधलं आणि तिला निजवलेली फळी आत सरकली. त्या यंत्राच्या मानानं ती इतकी लहान दिसत होती की मला ते बघवेना. वाटलं, हेही चुकलंच असेल तर? काही निघालंच नाही तर हे किरण उगाच माझ्यामुळे. आणि निघालं तर? दोन्हीकडून मीच. बाबापुता करून, कुणाच्या पाया पडून सुटेल असं हे काम नव्हतं.

निघालं. हाडाला केसासारखी चीर आणि तिच्या आतल्या बाजूला थोडंसं रक्त. तिथले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज बहुतेक लागणार नाही, पण दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल. ते "बहुतेक" घेऊन आम्ही दोन दिवस बसलो. बायको संध्याकाळी आली, ती मुलीच्या कॉटवरून उठलीच नाही. मुलगी जागी झाली की ती नुसती बघून सांगायची, "आता बरी आहे," किंवा "अजून हिची नजर नेहमीसारखी नाही." नर्सचे आकडे नंतर तेच सांगायचे. मी दार धरून उभा. वडील खाली बाकावर, बोलावलं तरी वर येत नव्हते. तिसऱ्या दिवशी मुलीनं स्वतःहून खाऊ मागितला आणि आम्हाला घरी सोडलं. रक्त हळूहळू जिरलं. आता ती धावते, पडते, उठते. देवाची कृपा म्हणा, डॉक्टर बाईंची म्हणा.

घरी आल्यावर मी वडिलांशी कामापुरतंच बोलत होतो. जेवायला चला, गोळी घेतली का, एवढंच. तेही नात जवळ आली की तिला आत बायकोकडे पाठवून द्यायचे आणि एकटेच बेल निवडत बसायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही जायचा नाही.

दहा-बारा दिवसांनी, एका रविवारी दुपारी, बायको म्हणाली, "ते रेकॉर्डिंग आहे ना तुमच्याकडे? मला ऐकायचंय." मी टाळलं. तिनं फोन घेतला, कानात इअरफोन घातले आणि पलंगावर भिंतीला टेकून बसली. कूलर बंद केला, खिडकी लावली. एकदा ऐकलं. मग थोडं मागे नेऊन पुन्हा. मग डोळे मिटून पुन्हा. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आतबाहेर करत होतो. तिनं इअरफोन काढले तेव्हा तिचा चेहरा बघून मला वाटलं, आता मुलीबद्दल काही तरी सांगणार.

"बाबा शेळ्यांना ओरडत नाहीयेत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ती पडायच्या आधी ओरडतायत ते शेळीला. पडल्यावरचं नाही. नीट ऐका. 'भाऊ' म्हणतायत. 'भाऊ, ये रे. भाऊ.' मी मोजल्या. नऊ हाका आहेत."

मी इअरफोन घातले. माझ्या आवाजाखाली, दोन शब्दांच्या फटीत, आता ते मलाही ऐकू आलं. भाऊ. भाऊ. पुढे माझं, "ऐका ना आधी, तुम्ही ऐकतच नाही." मग पुन्हा, भाऊ.

डॉक्टर बाईंना त्यांनी सांगितलं होतं, हाका मारू मारू थकलो. कुणाला मारल्या ते सांगितलं नव्हतं. घरात कोण होतं म्हटल्यावर ते घाईनं कोणी नाही म्हणाले होते. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी जे बोललो ते सगळं ऐकून घेतलं होतं.

मी बाहेर गेलो. वडील ओट्यावर पाटी घेऊन बसले होते. मी शेजारी बसलो. पाटीतलं एक पान उचललं. मग म्हणालो, "बाबा, त्या दिवशी तुमी मला हाका मारल्या व्हत्या का?"

त्यांनी वर बघितलं नाही. हातातलं पान उजेडात धरलं, उलटसुलट करून बघितलं.

"न्हाई रे," म्हणाले. "शेळी आली व्हती. तिलाच वरडत व्हतो."